इंग्रजी येतं, मग अडचण कसली?

नमस्कार. आम्ही लेस्टरला राहतो. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. तिची ए-लेव्हलची, म्हणजे इथली बारावीच्या तोडीची, परीक्षा आता संपत आली आहे आणि मिनेसोटातल्या एका लहान कॉलेजात तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला आहे. ऑगस्टच्या शेवटी निघायचं, आय-20, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद, हातात आला आहे. माझा भाऊ पुण्याहून म्हणतो, 'इथून मुलं जातात त्यांना जड जातं. हिला काय, इंग्रजीच तर बोलते.' मुलगीही तेच म्हणते. मला मात्र झोप लागत नाही. ती शाकाहारी आहे, दुसऱ्या मुलीबरोबर एका खोलीत कधी राहिलेली नाही, आणि दवाखाना म्हणजे जीपी, आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर, एवढंच तिला माहीत. काय बांधून देऊ? ती कुठे चुकेल? तिला मराठी वाचता येत नाही, पण तुमचं उत्तर मी वाचून दाखवीन.
एक आई, लेस्टर

ताई,

तुमच्या भावाच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पुण्याहून जाणाऱ्या मुलाला तिथलं सगळंच नवं असतं, म्हणून तो पावलोपावली विचारत जातो. तुमची लेक विचारणार नाही. शब्द ओळखीचे, आणि लहानपणापासून पाहिलेल्या मालिकांमुळे डॉर्म, म्हणजे कॉलेजचं वसतिगृह, तोसुद्धा पाहिल्यासारखा. चुका होतात त्या नेमक्या या ओळखीच्या वाटणाऱ्या ठिकाणी. प्राध्यापकांनी 'रिव्हिजन शुक्रवारी' असं लिहिलं, तर ब्रिटनमधल्या मुलीला वाटेल की परीक्षेची उजळणी करून यायचंय. अमेरिकेत त्याचा अर्थ, निबंधाचा पहिला खर्डा सुधारून, नव्याने लिहून शुक्रवारी द्यायचा. ती निवांत वाचत बसेल आणि शुक्रवारी नावापुढे शून्य पडेल. म्हणून उत्तर जरा लांबलंय. सवडीने, दोन-तीन बैठकांत वाचून दाखवा.

आधी लसींचं बघा, कारण त्याला आठवडे लागतात. कॉलेजच्या आरोग्य केंद्राकडून फॉर्म आला असेल. तो वेळेत गेला नाही तर खात्यावर 'होल्ड' लागतो आणि विषयांची नोंदणीच अडते. 'एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, सगळ्या लसी झाल्यात' एवढ्यावर थांबू नका. दोन्ही देशांच्या याद्या जुळत नाहीत. ब्रिटनमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळेत जो बूस्टर देतात त्यात धनुर्वात, घटसर्प आणि पोलिओ असतो, डांग्या खोकला नसतो. अमेरिकन फॉर्मवर बहुधा 'टीडॅप' मागतात आणि त्यात डांग्या खोकला असतो. हिपॅटायटिस बी ब्रिटनमध्ये सगळ्या बाळांना द्यायला 2017 साली सुरुवात झाली, म्हणजे तुमच्या लेकीला ती नेहमीच्या यादीतून मिळालेली नाही. कांजिण्यांच्या लसीचंही तसंच. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर रक्ताच्या तपासणीत अँटिबॉडी दाखवून बहुतेक ठिकाणी भागतं. मेनिंजायटिसची एसीडब्ल्यूवाय लस तिला चौदाव्या वर्षी दिली असेल, पण पुष्कळ कॉलेजांना ती सोळाव्या वर्षानंतर किंवा गेल्या पाच वर्षांत घेतलेली लागते.

शिवाय टीबी. आईवडील किंवा आजीआजोबा भारतातले असतील तर ब्रिटनमध्ये बाळाला बीसीजी देतात. ती झाली असेल तर हातावर टोचून करायची टीबीची चाचणी उगाचच 'पॉझिटिव्ह' येऊ शकते आणि मग एक्स-रे, डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू होतात. थेट रक्ताची चाचणी करून घ्या. जीपीकडून लसींची पूर्ण नोंद छापून आणा आणि तारखांत महिना अक्षरांत लिहून घ्या. 4/9/2021 म्हणजे तुम्हाला 4 सप्टेंबर, तिथल्या कारकुनाला 9 एप्रिल. राहिलेल्या लसी एनएचएस या कारणासाठी सहसा देत नाही. खासगी ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये घ्या, किंवा तिथे पोचल्यावर चालतील का ते कॉलेजला विचारा.

व्हिसाबद्दल थोडक्यात. ब्रिटिश पासपोर्टवर ईस्टा, म्हणजे व्हिसाशिवाय जायची ऑनलाइन परवानगी, काढून अमेरिकेत फिरायला जाता येतं, पण त्यावर पदवीचं शिक्षण घेता येत नाही. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच हवा. सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी 350 डॉलर आधी भरायची, मग व्हिसाचा डीएस-160 हा ऑनलाइन अर्ज, मग लंडनला नाइन एल्म्सच्या वकिलातीत मुलाखत. जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, तेव्हा मुलाखतीच्या आदल्या रात्री धावपळ नको. आय-20 वर तिची स्वतःची सही हवी, आणि तो कागद हातातल्या बॅगेत ठेवा. सूटकेस पट्ट्यावर यायच्या आधीच इमिग्रेशनचा अधिकारी तो मागतो. आय-20 वर अभ्यासक्रम सुरू होण्याची जी तारीख आहे, तिच्या 30 दिवसांपेक्षा आधी तिला देशात शिरता येत नाही. आणि परदेशी विद्यार्थ्यांचं ओरिएंटेशन तिने चुकवू नये. 'मला इंग्रजी येतं, मला कशाला' असं तिला वाटेल, पण व्हिसाची हजेरी बहुधा तिथेच लागते.

आता तुमची बॅग. केटल ठेवू नका. ब्रिटनमध्ये वीज 230 व्होल्टची, तिकडे 120 ची. तुमची 3000 वॉटची केटल नुसता ॲडॅप्टर लावून तिथे जोडली तर जळत नाही, पण व्होल्टेज निम्म्यावर आल्यावर शक्ती चौथाईवर येते. जेमतेम 800 वॉट मिळतात आणि भरलेली केटल उकळायला दहा-बारा मिनिटं बघत बसावं लागतं. केस वाळवायच्या मशीनचंही हेच, नुसतं कोमट फुंकतं. दोन्ही तिथेच घ्यावीत. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत '100–240 व्ही' छापलेलं असतं, त्यांना ॲडॅप्टर पुरतो. असे दोन-तीन द्या.

चादरी-उशांचे अभ्रेही नकोत. डॉर्ममधली गादी बहुधा 'ट्विन एक्सएल' असते, 38 बाय 80 इंच, म्हणजे साधारण 97 बाय 203 सेंटीमीटर. ब्रिटनची सिंगल गादी 90 बाय 190. घरची फिटेड चादर तीन कोपऱ्यांना बसेल आणि चौथा रोज रात्री निसटेल. वह्यांच्या फायलीही तशाच. तिकडचा कागद ए4 नाही, 'लेटर' असतो, 216 बाय 279 मिलिमीटर. म्हणजे जरा रुंद आणि बुटका. त्याला कडेने तीन भोकं पाडतात, दोन नव्हे. लेस्टरहून नेलेल्या फायलीत वर्गात वाटलेला एकही कागद बसणार नाही.

प्रेशर कुकर नाही, इन्स्टंट पॉटही नाही. उघडी तापणारी तार असलेली वस्तू, मेणबत्ती, उदबत्ती यांना डॉर्ममध्ये सर्रास बंदी असते. गणपती येतात तेव्हा तिचे वर्ग सुरू झालेले असतील. समई-निरांजन लावून धुराचा अलार्म वाजला तर सगळी इमारत रस्त्यावर येते आणि दंड वेगळा. तिला सेलवरचा दिवा द्या. कापराचा वास हवाच असेल तर डबी उघडून ठेवावी, पेटवू नये. मिनिॲपोलिसजवळ मेपल ग्रोव्हला मोठं हिंदू मंदिर आहे, तिथे कुणाच्या गाडीतून जाता आलं तर जावं. खाऊ द्यायचा तर कोरडा द्या: चिवडा, लाडू, मेतकूट. उतरल्यावर कस्टमच्या प्रश्नाला 'हो, खाण्याचं आहे' असंच सांगायचं. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून ठेवतात, लपवलं तर दंड. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ देऊच नका.

डायनिंग हॉलमध्ये शाकाहारी मुलगी उपाशी राहत नाही, पण तिला बारीक नजर लागेल. सूप भाज्यांचं दिसलं तरी त्यात कोंबडीचं पाणी असू शकतं, घेवड्याच्या शिजवलेल्या डाळीत चरबी, जेली आणि मार्शमॅलोत जिलेटिन. पाटी बघून खात्री पटली नाही तर काउंटरवर विचारावं. बहुतेक कॉलेजांत आहारतज्ज्ञ असतात, पहिल्या आठवड्यातच त्यांना ईमेल करावी. मील प्लॅन आठवड्याला अमुक 'स्वाइप', म्हणजे अमुक वेळा जेवण, असा असतो. उरलेले स्वाइप बऱ्याच ठिकाणी आठवडा संपला की बुडतात. रात्रीचं जेवण पाचला सुरू होऊन साडेसात-आठला संपतं. घरी नऊला जेवणाऱ्या मुलीला अकरा वाजता भूक लागणार, तेव्हा मेतकूट-चिवडा त्या वेळेसाठी.

आता खोली. ब्रिटनच्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाला बहुधा स्वतंत्र खोली मिळते. अमेरिकेत दोघींना एक हा रिवाज आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मजल्यावरची 'आरए', म्हणजे देखरेखीला असलेली वरच्या वर्गातली विद्यार्थिनी, दोघींकडून एक करार भरून घेते: दिवे किती वाजता बंद, पाहुणे कधी, फ्रिजमध्ये कोणाचं काय. मुली लाजून 'मला काहीही चालेल' असं लिहितात आणि ऑक्टोबरात रडतात. ब्रिटिश मुलींना तर 'मला त्रास होतोय' असं तोंडावर म्हणणं म्हणजे भांडण वाटतं. म्हणून त्या कागदावरच स्पष्ट लिहावं: रविवार ते गुरुवार रात्री 11 नंतर खोलीत पाहुणा नको, झोपताना आवाज हेडफोनवर. नंतर बोलायची वेळ आली तर कराराकडे बोट दाखवता येतं. न्हाणीघर मजल्यावर सामायिक असतं, त्यासाठी रबरी चपला आणि पाणी गळून जाईल अशी जाळीदार टोपली हवी. खोली 104 ही तळमजल्यावर असेल. तिकडे 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे जमिनीलगतचा मजला.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तिला दोनदा वाचून दाखवा. मार्क. ब्रिटिश विद्यापीठात 70 टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, कौतुकाची गोष्ट. अमेरिकेत 70 म्हणजे सी-मायनस. साधारणपणे 93 च्या वर ए, 90 ते 92 ए-मायनस, 80 च्या घरात बी. निबंधाला 78 मिळाले की ती खूश होऊन तुम्हाला फोन करेल, आणि प्राध्यापकांनी मात्र इशारा दिलेला असेल.

दुसरी गोष्ट त्याहून घातक. ए-लेव्हलला दोन वर्षांचा निकाल बहुतेक विषयांत शेवटच्या पेपरांवर लागतो आणि ब्रिटिश विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे मार्क बहुतेकदा पदवीच्या वर्गात धरत नाहीत. अमेरिकेत पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यापासून सगळं मोजलं जातं आणि जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीत, कायमचं बसतं. एखाद्या विषयाचा सिलॅबस असा असेल: वर्गातला सहभाग 10, गृहपाठ 20, क्विझ 10, दोन मिडटर्म प्रत्येकी 15, फायनल 30. आता समजा गृहपाठ दहा आहेत आणि तिने दोन दिलेच नाहीत, 'परीक्षेत भरून काढीन' म्हणून. चार मार्क तिथेच गेले. एरवीचे 94 असतील तर 90, म्हणजे ए चा ए-मायनस, आणि फायनलमध्ये कितीही चांगलं लिहिलं तरी ते चार परत येत नाहीत. सहभागाचे 10 हे गप्प बसून हुशारीने ऐकणाऱ्या मुलीला मिळत नाहीत. प्रत्येक तासाला एकदा तरी बोललं पाहिजे, प्रश्न विचारला तरी चालतो. 'क्विझ' हा शब्द पबमधल्या खेळासारखा ऐकू येतो, पण ती गुणांची चाचणी असते.

म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा सिलॅबस, म्हणजे ते तारखा आणि नियमांचं पाच-सात पानी टिपण, समोर ठेवून सगळ्या तारखा एका कॅलेंडरमध्ये चढवायच्या. रात्री 11:59 ची मुदत असेल तर दहाला पाठवायचं. प्राध्यापकांना ईमेल करताना 'प्रोफेसर' आणि आडनाव. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात, अमेरिकेत त्यांनी सांगेपर्यंत नको. त्यांच्या 'ऑफिस अवर्स'ना अडचण नसतानाही पहिल्या तीन आठवड्यांत एकदा जावं. ती वेळ नापासांसाठी नसते. पुढे शिफारसपत्र लिहिताना त्यांना चेहरा आठवतो तो त्यामुळेच.

क्रेडिटचं गणित नीट समजून घ्यायला हवं, कारण ते व्हिसाला बांधलेलं आहे. पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात, आठ सेमिस्टरमध्ये. एफ-1 वर पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला किमान 12 घ्यावेच लागतात. चार-चार क्रेडिटचे चार विषय घेतले की 16 होतात. एक जमला नाही आणि सोडला तरी 12 उरतात. तीनच घेतले असतील आणि एक सोडला तर 8, म्हणजे व्हिसाची अट मोडली. तेव्हा विषय सोडायच्या आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जायचं, सोडल्यानंतर नाही. आजारपणासारखी खरी कारणं असतील तर ते आधी परवानगी देऊ शकतात. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत विषय बदलता येतात आणि त्याची नोंदही गुणपत्रिकेवर राहत नाही. एकच विषय घट्ट धरून ब्रिटनमध्ये तीन वर्षं शिकतात. अमेरिकेत मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवला तरी चालतं, आणि रसायनशास्त्राच्या मुलीलाही इतिहासाचा वर्ग घ्यावा लागतो. ए-लेव्हलच्या चांगल्या ग्रेडना बरीच कॉलेजं क्रेडिट देतात. निकालाची प्रमाणपत्रं शरद ऋतूत घरी येतील ती जपून ठेवा आणि रजिस्ट्रारला पाठवा. आपण मागितल्याशिवाय ते देत नाहीत.

दवाखाना. जीपीच्या सवयीने ती दोन टोकांना जाऊ शकते: बिनधास्त इमर्जन्सीत जाईल, नाहीतर बिलाच्या धास्तीने ताप अंगावर काढेल. इन्शुरन्स काढलेला असला तरी खर्च वाटून घ्यावा लागतो. समजा पॉलिसीत डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची रक्कम, 500 डॉलर आहे आणि पुढे 20 टक्के तुमचे. 1500 चं बिल आलं तर पहिले 500 तुमचे, उरलेल्या 1000 चे 200 तुमचे, एकूण 700. म्हणून पायऱ्या पाठ करायच्या: आधी कॉलेजचं आरोग्य केंद्र, तिथल्या साध्या भेटीला पुष्कळदा पैसे पडत नाहीत, ते बंद असेल तर 'अर्जंट केअर', पॉलिसीच्या 'नेटवर्क'मधलंच, आणि जिवावरचं असेल तरच इमर्जन्सी किंवा 911. तेव्हा मात्र पैशाचा विचार एक क्षणही करायचा नाही, हे तिला तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. मन फार खचलं तर 988 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. ब्रिटनमधला प्रवास विमा कॉलेजच्या इन्शुरन्सऐवजी सहसा चालत नाही, तेव्हा तो घेऊन पैसे वाचतील असं धरू नका.

औषधांची नावंही बदलतात. पॅरासिटामॉल तिकडे 'ॲसिटामिनोफेन', टायलेनॉल या नावाने मिळतं. सर्दीच्या तयार औषधांतही तेच असतं, म्हणून टायलेनॉल आणि वर डेक्विल असं घेतलं तर नकळत दुप्पट डोस जातो. दम्याचा निळा पंप वापरत असेल तर 'साल्ब्युटामॉल' म्हणून फार्मसीत कोणी ओळखणार नाही. त्यांचं नाव 'अल्ब्युटेरॉल'. नेहमीची औषधं मूळ खोक्यात आणि जीपीच्या पत्रासह द्या.

ब्रिटनमध्ये अठराव्या वर्षी पबमध्ये बसणं ही साधी गोष्ट. अमेरिकेत वय 21. तिच्यासाठी यात नुसत्या दंडाचा प्रश्न नाही. कॉलेजच्या शिस्तीची कारवाई तर होतेच, पण पोलिसांनी अटक केली तर व्हिसापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. बनावट ओळखपत्र वापरणं त्याहून वाईट. गांजाबद्दल तर स्पष्टच सांगते: मिनेसोटात ऑगस्ट 2023 पासून 21 वर्षांवरच्यांना तो राज्याच्या कायद्याने चालतो, दुकानाची पाटी दिसेल, मैत्रिणी घेतील. पण केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच आहे आणि व्हिसा केंद्र देतं. अमेरिकन मैत्रिणीला जे निभावतं ते हिला निभावणार नाही.

कामाचंही तसंच. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम चालतं: वाचनालय, डायनिंग हॉल, जिम. आधी नोकरी मिळवायची, मग पोचून दहाएक दिवस झाल्यावर सोशल सिक्युरिटी नंबरला अर्ज करायचा. पहिल्या पगाराची चिठ्ठी नीट बघावी. एफ-1 विद्यार्थ्याच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून 7.65 टक्के कापले जात नाहीत. कापले असतील तर लगेच पेरोल विभागाला सांगावं. कॅम्पसबाहेर रोखीने काम अजिबात नको. एखादं ओळखीचं मराठी कुटुंब प्रेमाने म्हणेल, 'शनिवारी आमच्या मुलांना सांभाळ, तासाला वीस डॉलर देतो.' पैसे घेऊन सांभाळलं तर ते बेकायदा काम ठरतं. जेवायला जावं, मुलांशी खेळावं, पैसे घेऊ नयेत. आणि एक पैशाचीही कमाई नसली तरी दरवर्षी कर खात्याला 8843 हा फॉर्म भरून पाठवायचा असतो, हे बहुतेकजण विसरतात.

पैशांच्या बारीकसारीक गोष्टींत एवढंच: तिचा ब्रिटनचा मोबाइल नंबर बंद करू नका, ब्रिटनमधल्या बँकेचे कोड त्यावरच येतात, स्वस्तातलं सिम चालू ठेवा. दुकानातल्या किमतीत कर धरलेला नसतो, गल्ल्यावर वर चढतो. मिनेसोटात राज्याचा 6.875 टक्के, वर स्थानिक. कपड्यांवर मात्र नाही. म्हणून थंडीचा कोट तिथेच घेऊ द्या. लेस्टरचा लोकरीचा कोट जानेवारीत कामाचा नाही. पारा उणे 20 सेल्सिअसच्या खाली जाणं तिथे नवलाचं नसतं. जाड पार्का, घसरणार नाहीत असे बूट, पातळ मोजे आणि त्यावर लोकरीचे. ओल्या केसांनी बाहेर पडायचं नाही. आत हीटिंग इतकं असतं की वर्गात टी-शर्टवर बसतात, तेव्हा एक जाड स्वेटर असण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. हवा फार कोरडी, खोबरेल भरपूर द्या. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, आणि सिग्नल लाल असला तरी गाड्या उजवीकडे वळतात हे विसरायचं नाही. पहिल्या महिन्यात ब्रिटिश मुलं इथेच दचकतात.

माणसांबद्दल थोडं. तिचा उच्चार ऐकून सगळे खूश होतील, आणि मग विचारतील, 'पण मूळची कुठली?' भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळात ती ब्रिटिश, ब्रिटिश मुलांत ती भारतीय, अमेरिकन-भारतीय मुलींत आणखीच वेगळी. पहिल्या सत्रात हे टोचतं, आणि मुली ते आईला सांगत नाहीत. 'लेस्टर, आईबाबा महाराष्ट्रातले' हे एक वाक्य तयार असलं की दर वेळी उत्तर जुळवावं लागत नाही. 'हाउ आर यू' हा तिकडे नमस्कार आहे, 'गुड' म्हणून पुढे जायचं. तिच्या तोंडचं 'यू ऑलराइट?' मात्र समोरच्याला 'माझ्यात काही बिनसलंय का' असं वाटतं. ब्रिटिश तोंडी 'क्वाइट गुड' म्हणजे ठीकठाक, अमेरिकन कानाला खूप छान. 'फोर्टनाइट' समजत नाही, 'हाफ सिक्स'ही नाही. खोडरबर हवं असेल तर 'इरेझर' मागायचा. 'रबर' म्हणजे तिकडे निरोध. आणि 'वी शुड हँग आउट' हे कोणी म्हटलं तर ते आमंत्रण नसतं, इच्छा असते. त्याचं आमंत्रण तिने करायचं: 'गुरुवारी साडेपाचला डायनिंग हॉलला?' असं दिवस-वेळेसकट. असं विचारणाऱ्या मुलीला ऑक्टोबरपर्यंत मैत्रिणी असतात.

सुट्ट्यांचं तिकीट काढायच्या आधी कॉलेजचं कॅलेंडर बघा. इस्टरची मोठी सुट्टी तिकडे नसते. मार्चच्या सुमारास आठवडाभर स्प्रिंग ब्रेक. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, घरी येण्याइतका मोठा नाही, पण डायनिंग हॉल मंदावतो किंवा बंद होतो आणि कॅम्पस रिकामा होतो. एकटेपणा सगळ्यात जास्त त्या चार दिवसांत. एखाद्या रूममेटने घरी बोलावलं तर तिने जरूर जावं, हातात छोटी भेट घेऊन. नाताळच्या सुट्टीत बऱ्याच ठिकाणी डॉर्म रिकामे करावे लागतात. राहायचं असेल तर महिनाभर आधी अर्ज. जानेवारीत परतताना आय-20 वर प्रवासाची सही एका वर्षाच्या आतली हवी, ती डिसेंबरात निघण्याआधी घ्यायची.

आणि ताई, हे तुमच्यासाठी. विद्यार्थ्यांची माहिती खासगी ठेवणाऱ्या 1974 च्या फर्पा कायद्यामुळे कॉलेज तुम्हाला तिचे मार्क सांगणार नाही, वर्गात येते का तेही नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. आरोग्य केंद्रही काही बोलणार नाही. हे उद्धटपणाने होत नाही. तिने ऑनलाइन एक संमतीपत्र भरलं तर मार्कांपुरती माहिती मिळू शकते, आणि आरोग्य केंद्राचं वेगळं संमतीपत्र असतं. त्यावर अडीअडचणीला कोणाला कळवायचं ते लिहायचं. मार्कांचं संमतीपत्र भरायचं की नाही हे तिच्यावर सोडा, आरोग्याचं मात्र निघण्याआधी समोर बसून भरून घ्या.

फोनची वेळ ठरवून टाका, रोजची नको, रविवारची. मिनेसोटा तुमच्यापेक्षा सहा तास मागे. तिचे दुपारचे बारा, तुमचे संध्याकाळचे सहा. तिची झोप झालेली असते, तुमचं जेवण व्हायचं असतं. फक्त घड्याळं दोन्हीकडे वेगवेगळ्या रविवारी बदलतात. ब्रिटनची ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या. तर वसंतात अमेरिकेची मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, ब्रिटनची शेवटच्या. त्या मधल्या दिवसांत अंतर पाच तासांचं होतं, आणि तिचा फोन पाचलाच येईल.